सकाळचा कॉल वाजत नाही, संध्याकाळचा वाजतो

प्रश्न थोडक्यात असा. ताई टोरोंटोला राहतात, आई गुहागरजवळच्या गावात एकटी. मुलगा झोपायच्या आधी, रात्री नऊला, ताई व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावतात. तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा. आईचा फोन वाजतच नाही. आठच्या सुमारास आई फोन हातात घेते आणि तीन मिस्ड कॉल एकदम टपकतात. साधा फोन केला तर वाजतो. संध्याकाळी केलेला व्हिडिओ कॉल बहुतेक वेळा लागतो. घरात वायफाय आहे, फोन दोन वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड. गावातल्या एकाने सांगितलं, व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाका. दुसऱ्याने सांगितलं, फोनच बदला. नक्की काय करावं?

ताई, दोन्ही करू नका. व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकलं तर ज्या सेटिंगमुळे फोन गप्प बसतो ती बहुतेक तशीच राहते. वर बॅकअप घेतलेला नसेल तर नातवाचे पहिल्या वाढदिवसापासूनचे मेसेज जातात आणि आईला ओटीपीच्या भानगडीत पडावं लागतं. आणि नवा फोन घेतलात तर तो याच खोडी कंपनीकडूनच शिकून येईल. चिपळूणला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बटणांच्या फोनच्या काळात सुरू केलं, तेव्हा ‘फोन वाजत नाही’ म्हणत कोणी आलं की मी सरळ स्क्रू-ड्रायव्हर उचलायचो. आता त्याच तक्रारीत दहातल्या नऊ वेळा फोन उघडावा लागत नाही. ग्राहकालाच दोन-चार प्रश्न विचारावे लागतात.

तुमच्या प्रश्नात अर्धं उत्तर आलेलंच आहे. सकाळी नाही, संध्याकाळी हो. बिघडलेला फोन घड्याळ बघून बिघडत नाही. साधा फोन वाजतो, म्हणजे रिंगर शाबूत आहे. मिस्ड कॉल नंतर दिसतात, म्हणजे कॉल आईच्या नावावर नीट निघालेला असतो, वाटेत कुठेतरी थांबतो. तो नेमका कुठे थांबतो हे कळल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावायचा नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक फोन मूळ दुखण्यापेक्षा उपचारांनीच जास्त हैराण झालेले असतात. भाचा काहीतरी बदलतो, शेजारचा काहीतरी बंद करतो, व्हिडिओ बघून कोणी तिसरंच ॲप टाकतो. मग मूळ दोष कुठला आणि नंतर घातलेला कुठला, हेच कळेनासं होतं.

पहिली तपासणी तुमच्याच हातात आहे, आणि ती टोरोंटोत बसून करायची आहे. उद्या कॉल लावाल तेव्हा मुलाकडे न बघता आधी स्क्रीनवरचा शब्द बघा. सुरुवातीला ‘कॉलिंग’ असं येतं. पलीकडच्या फोनपर्यंत कॉल पोचला की तोच शब्द बदलून ‘रिंगिंग’ होतो. शेवटपर्यंत ‘कॉलिंग’च राहिलं तर आईच्या फोनला कॉल आल्याचा पत्ताच नाही. ‘रिंगिंग’ आलं आणि तरी आईला ऐकू गेलं नाही, तर कॉल घरात पोचला आहे, फक्त आवाज झालेला नाही. या दोन्हींची औषधं अगदी वेगळी आहेत. पण लोक पहिल्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध देत बसतात, रिंगटोन बदल, आवाज वाढव, आणि म्हणतात काही फरक पडत नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज ‘कॉलिंग’चा आहे. म्हणून आधी तेच सविस्तर सांगतो.

साधा कॉल आणि व्हॉट्सॲपचा कॉल यांत मोठा फरक आहे. साध्या कॉलसाठी टॉवर फोनला थेट हाक मारतो. फोन कितीही झोपलेला असला तरी त्याचा तो कान उघडाच असतो. व्हॉट्सॲपचा कॉल इंटरनेटवरून येतो, आणि त्यासाठी ॲपला कोणीतरी जागं करावं लागतं. प्रत्येक ॲपने आपापली लाइन दिवसरात्र उघडी ठेवली तर बॅटरी दुपारीच मान टाकेल. म्हणून अँड्रॉइडने सोसायटीसारखी सोय केली आहे. गेटवर एकच वॉचमन, त्याचं नाव गूगल प्ले सर्व्हिसेस. त्याची गूगलच्या सर्व्हरशी एक लाइन कायम जोडलेली असते. तुम्ही कॉल लावलात की निरोप आधी या वॉचमनकडे येतो, ‘तातडीचा’ असा शिक्का घेऊन. मग तो व्हॉट्सॲपचं दार वाजवतो, व्हॉट्सॲप उठतं आणि फोन वाजू लागतो. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं, म्हणून आपल्याला एरवी जाणवत नाही.

हे तीन ठिकाणी फसतं. गेटपर्यंत रस्ताच नसतो, वॉचमनची लाइन मेलेली असते, किंवा फ्लॅटचं दार बाहेरून कुलूप लावून बंद केलेलं असतं.

रस्ता नसणं ही सगळ्यात साधी गोष्ट, आणि म्हणूनच कोणी विचारत नाही. आईला विचारा, रात्री वायफायचा डबा चालू असतो का? हे हसण्यावारी नेऊ नका. माझ्याकडे एक आजोबा तीनदा आले होते, मुलगा परदेशात, तक्रार अगदी तुमच्यासारखी. दोनदा मी सेटिंग्ज तपासून सगळं ठीक करून दिलं आणि दोन्ही वेळा ते परत आले. तिसऱ्यांदा मी सहज विचारलं, तर म्हणाले, “अरे, रात्री कशाला जळत ठेवायचा तो? झोपताना खटका पाडतो मी.” सकाळी पूजा आटोपली की खटका वर. मधल्या वेळात आलेले सगळे कॉल त्यानंतर एकदम दिसायचे. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या गडगडाटापासून लोक राउटरची पिन काढून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. वीज पडून राउटर गेलेले मी दर पावसाळ्यात बघतो. पण मग त्या रात्री फोनचा मोबाईल डेटा चालू असला पाहिजे, आणि तो ज्या सिमवर आहे त्यात रिचार्ज असला पाहिजे. पुष्कळ आया-आजी ‘वायफाय आहे ना’ म्हणून डेटा कायमचा बंद ठेवतात. काही तर झोपताना ‘नेट बंद’ करून फोन उशाशी ठेवतात. काही फोनमध्ये स्क्रीन लॉक झाली की डेटा आपोआप बंद करायची सोयही असते, बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये. ती कोणी चालू केली नाही ना, हेही एकदा बघा.

वॉचमनची लाइन मरणं हा प्रकार जरा फसवा आहे, कारण फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसते. घरातला राउटर बराच वेळ शांत असलेली जोडणी आपल्या वहीतून खोडून टाकतो. फोनला वाटतं लाइन चालू आहे, गूगलला वाटतं लाइन चालू आहे, आणि मधल्या डब्याने ती केव्हाच विसरून टाकलेली असते. फोन ठरावीक वेळाने ‘आहेस का?’ असं विचारतो तेव्हा हे उघडकीला येतं आणि लाइन पुन्हा जुळते, पण मधल्या काळातला कॉल गेला तो गेलाच. ओळखायची रीत सोपी. एका रात्री वायफाय बंद, मोबाईल डेटा चालू. सकाळी कॉल वाजला तर संशय राउटरवर. राउटर आठवड्यातून एकदा बंद-चालू करणं, त्याचं सॉफ्टवेअर कंपनीकडून अद्ययावत करून घेणं, आणि तरी जमत नसेल तर बदलणं, एवढंच. फोनमध्ये कोणी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच वाटेने फिरवणारं ॲप, टाकलं असेल किंवा जाहिराती अडवणारं ‘प्रायव्हेट डीएनएस’ भरलं असेल तर तेही याच गटात येतं. ते काढा.

आता कुलूप. तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय इथेच आहे.

२०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’ नावाची डुलकी आली. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि हालचाल नाही, असं बराच वेळ राहिलं की फोन गाढ झोपतो आणि ॲप्सचं इंटरनेट तोडतो. मधूनमधून क्षणभर डोळे उघडतो, साचलेली कामं करतो, पुन्हा झोपतो. आता आईचा दिवस बघा. संध्याकाळी फोन हातात असतो, कीर्तन, बातम्या, बहिणीशी गप्पा. रात्री नऊला फोन फडताळावर जातो आणि सकाळपर्यंत तिथून तसूभर हलत नाही. साडेसहाला तुम्ही कॉल लावता तेव्हा तो नऊ-साडेनऊ तास निश्चल पडलेला असतो. दिवसभरातली त्याची सगळ्यात गाढ झोप हीच.

पण गूगलच्या नियमाने तातडीचा शिक्का असलेला निरोप या झोपेतही पोचायला हवा, आणि निव्वळ अँड्रॉइडमध्ये तो पोचतोही. अडचण होते ती कंपन्या वरून जे स्वतःचं बॅटरी वाचवण्याचं यंत्र बसवतात त्यामुळे. बॅटरी दोन दिवस टिकते असं खोक्यावर छापायचं असतं, त्यासाठी थोडा वेळ न वापरलेलं ॲप नुसतं झोपवत नाहीत, पार बंद करून टाकतात. ॲप ‘फोर्स स्टॉप’ अवस्थेत गेलं की अँड्रॉइडचाच नियम असा आहे, की माणसाने ते हाताने उघडेपर्यंत त्याला कुठलाही निरोप द्यायचा नाही. वॉचमन दारापर्यंत येतो, बाहेरून कुलूप बघतो आणि परत जातो. आई आठला व्हॉट्सॲप उघडते, कुलूप निघतं, आणि साचलेले तीन मिस्ड कॉल एकदम आत पडतात. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे.

हे कुलूप कधीकधी माणूसही लावतो. ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ अशा नावांची ॲप्स हेच करतात. आईच्या फोनमध्ये असं काही दिसलं तर विचार न करता काढून टाका, त्याचा उपयोग काहीच नाही. आणि पुष्कळ लोकांना सवय असते, काम झालं की उघडी असलेली सगळी ॲप्स बोटाने वर सरकवून झाडून टाकायची. केर काढल्यासारखं समाधान मिळतं. साध्या अँड्रॉइडमध्ये त्याने काही बिघडत नाही, पण काही कंपन्यांच्या फोनमध्ये असं सरकवणं म्हणजेच कुलूप. झोपताना आई हे करते का, तेवढं विचारा.

खात्री करायला एका रात्रीचा प्रयोग सांगतो, फुकट आणि बिनधोक. आज रात्री आईला फोन चार्जरला लावून झोपायला सांगा. बाकी काहीही बदलायचं नाही. चार्जरवर असलेला फोन डोझमध्ये जात नाही, आणि कंपन्यांची बचत-यंत्रंही बहुतेक वेळा सैल पडतात. उद्या सकाळी कॉल वाजला तर गुन्हेगार सापडला. नाही वाजला तर मात्र बॅटरी-बचत निर्दोष सुटली असं समजू नका, फक्त एवढंच म्हणा की अजून बघावं लागेल.

उपाय असा. व्हॉट्सॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरलं की ‘ॲप इन्फो’ येतं. तिथे ‘बॅटरी’ मध्ये जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडायचं. पिक्सेल, मोटोरोला अशा साध्या अँड्रॉइडच्या फोनमध्ये बहुतेक एवढ्यावर भागतं. बाकीच्यांत आणखी एक-दोन जागा असतात. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ चालू करायचं, बॅटरी सेव्हरमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ ठेवायचं, आणि ‘अदर परमिशन्स’ मध्ये ‘शो ऑन लॉक स्क्रीन’ ला परवानगी द्यायची. ही शेवटची राहिली तर कॉल वाजतो पण स्क्रीनवर उचलायचं बटणच येत नाही. ओप्पो, रियलमी, वनप्लसमध्ये ‘ऑटो लाँच’ आणि ‘बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी’. विवोमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ आणि बॅटरीच्या आत बॅकग्राउंडला वीज वापरू देण्याची यादी. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या आत ‘बॅकग्राउंड युसेज लिमिट्स’ असतं. तिथे ‘स्लीपिंग’ आणि ‘डीप स्लीपिंग’ या दोन याद्यांतून व्हॉट्सॲप बाहेर काढायचं आणि जिच्यात ॲप कधीच झोपत नाही त्या यादीत घालायचं. आवृत्ती बदलली की या जागांची नावं थोडी इकडेतिकडे होतात. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत नुसतं ‘ऑटो’ किंवा ‘बॅटरी’ टाकलं तरी सापडतात. मोठा अपडेट येऊन गेला की एकदा पुन्हा बघा, कारण काही वेळा हे सगळं परत पहिल्या जागी जाऊन बसतं. बॅटरी थोडी जास्त जाईल का? जाईल, पण एका ॲपने फारसा फरक पडत नाही. आईच्या फोनमधली बॅटरी कीर्तनाच्या व्हिडिओत जाते, व्हॉट्सॲपच्या जागं राहण्यात नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. फोन रात्री आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला, अपडेटमुळे म्हणा किंवा ‘ऑटो रिस्टार्ट’ लावून ठेवल्यामुळे म्हणा, तर पिन टाकून पहिल्यांदा उघडेपर्यंत व्हॉट्सॲप चालूच होत नाही. आतली माहिती कुलूपबंद असते आणि तिची किल्ली म्हणजे तो पिन. त्या वेळात साधा कॉल वाजतो, व्हॉट्सॲपचा नाही. सकाळी फोनवर ‘रिस्टार्ट झाल्यावर पिन आवश्यक’ असं काही लिहून येतं का, हे आईला बघायला सांगा. कधीतरी एखाद्या दिवशीच कॉल चुकत असेल तर हे कारण असू शकतं.

आता दुसरी शक्यता, स्क्रीनवर ‘रिंगिंग’ आलं आणि आईला काहीच ऐकू गेलं नाही.

यात पहिला संशय ‘डू नॉट डिस्टर्ब’ वर. बऱ्याच फोनमध्ये झोपेचं वेळापत्रक आधीपासून बनवलेलं असतं, रात्री दहा ते सकाळी सात अशा धाटणीचं, आणि ते चुकून चालू व्हायला एक बोट पुरतं. तुमच्यासाठी यात एक गमतीची खूण आहे. उन्हाळ्यात तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे आमचे सकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात तुमच्याकडची घड्याळं तासभर मागे गेली की तेच नऊ आमचे साडेसात होतात. हिवाळ्यात कॉल बिनबोभाट लागत होते आणि मार्चमध्ये घड्याळं पुढे गेल्यापासून चुकू लागले, असं तुम्हाला आठवत असेल तर दुसरीकडे शोधूच नका. सातपर्यंतचं वेळापत्रक लावलेलं आहे. आणि साधे कॉल वाजतात म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’ बंदच असणार, असा निष्कर्ष काढू नका. त्यात सिमच्या कॉलना सूट दिलेली असू शकते, आणि ती सूट व्हॉट्सॲपच्या कॉलला दर वेळी लागू होतेच असं नाही. त्याच सेटिंगमध्ये अपवाद म्हणून ॲप्सची यादी असते, तिच्यात व्हॉट्सॲप वेगळं घालावं लागतं.

मग नोटिफिकेशन. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, एकाच ॲपच्या वेगवेगळ्या सूचनांना वेगवेगळी बटणं असतात. मेसेज येतात, टिंग वाजतं, पण कॉलचं बटण तेवढं ‘सायलेंट’ असू शकतं. ॲप इन्फोमधल्या नोटिफिकेशन्समध्ये कॉलशी संबंधित जे जे आहे ते आवाजासकट चालू हवं. तेराव्या आवृत्तीपासून तर नवीन टाकलेलं ॲप सूचना द्यायची परवानगीच आधी विचारतं. घाबरलेला माणूस ‘नको’ दाबतो आणि विसरतो. म्हणूनही म्हटलं, व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका, असलेला प्रश्न सुटायचा नाही आणि हा नवा लागायचा. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही दोन जागा बघा. एक, नोटिफिकेशन्समध्ये कॉलची रिंगटोन ‘नन’, म्हणजे काहीच नाही, अशी ठेवलेली नाही ना. दोन, प्रायव्हसीमध्ये अनोळखी नंबरचे कॉल शांत करण्याची सोय २०२३ पासून आहे. ती चालू असेल आणि तुमचा कॅनडाचा नंबर आईच्या फोनमध्ये अधिक एक लावून नीट साठवलेला नसेल, तर लेक असूनही फोनच्या लेखी तुम्ही अनोळखी.

आवाजाची पट्टी, ब्लूटूथ हे तर सगळ्यांना सुचतं. आईने कानातलं यंत्र ब्लूटूथने फोनला जोडलेलं असेल तर मात्र विचार करा, आवाज तिकडे जात असेल आणि यंत्र रात्री डबीत असेल. साधा कॉलही बारीक वाजतो अशी तक्रार असती तर मी जाळी बघायला सांगितलं असतं. खालच्या रिंगरच्या जाळीत पीठ, हळद, विभूती असं काय काय बसतं, आणि ते सुक्या मऊ ब्रशने निघतं. सुई घालू नका. सुई घालून फाडलेले रिंगर महिन्याला पाच-सात तरी येतात.

कॉल वाजतो, आई उचलते, पण चेहरा दिसत नाही, नुसतं फिरत राहतं, ही तुमची तक्रार नाही, तरी सांगतो, कारण लोक हेही ‘कॉल लागत नाही’ मध्येच मोजतात. आपल्याकडच्या प्लॅनमध्ये रोजचा डेटा ठरलेला असतो, दीड जीबी, दोन जीबी. तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. तेवढ्यात फोन वाजतो, कारण वाजण्याचा निरोप चिमुकला असतो. पण चित्र त्यातून जात नाही. संध्याकाळी रील्स बघून कोटा संपलेला, आणि रात्री नातवाचा कॉल! सकाळी पुन्हा सगळं छान, कारण रात्री बाराला कोटा नव्याने सुरू होतो. दोन सिम असतील तर आणखी एक. डेटा एका सिमवर आणि त्याच वेळी दुसऱ्या सिमवर साधा कॉल चालू असेल तर पुष्कळ फोनमध्ये डेटा तेवढा वेळ थांबतो. आणि आपली जांभ्याची घरं. उन्हाळ्यात गारवा देतात तसा सिग्नलही अडवतात. माजघरात दोन दांड्या, ओटीवर चार. फोनची रात्रीची जागा फडताळावरून ओटीकडच्या खिडकीत नेऊन बघणं, हाही खरा उपाय आहे.

दुबई-शारजावाल्यांसाठी एक वाक्य, कारण आमच्या तालुक्यात ते पुष्कळ आहेत. तिथे व्हॉट्सॲपच्या कॉलवर सरकारी बंदी आहे, त्यामुळे इथल्या फोनमध्ये काहीही बदललं तरी उपयोग नाही. तिकडे परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप वापरावं लागतं, आणि ते इथे आठवड्यातून एकदाच उघडलं जात असल्यामुळे बॅटरी-बचतीच्या तावडीत व्हॉट्सॲपपेक्षाही लवकर सापडतं. वर सांगितलेलं कुलूप काढण्याचं काम त्या ॲपसाठी आधी करा. आयफोनमध्ये हा कुलुपाचा त्रास जवळपास नाहीच, तिथे कॉलसाठी वेगळा रस्ता ठेवलेला आहे. तिथे बघायचं ते ‘फोकस’, म्हणजे तिथलं ‘डू नॉट डिस्टर्ब’, आणि बाजूचा आवाज बंद करायचा खटका किंवा नव्या आयफोनमधलं बटण.

राहिला प्रश्न, हे सगळं आईच्या फोनमध्ये करणार कोण. त्यासाठी गुहागरहून चिपळूणला यायची गरज नाही. संध्याकाळचा तुमचा व्हिडिओ कॉल लागतो ना, मग त्याच कॉलमध्ये आईला स्क्रीन शेअर करायला सांगा. व्हॉट्सॲपमध्ये ही सोय २०२३ च्या ऑगस्टपासून आहे. तुम्हाला आईची स्क्रीन दिसते, बोट मात्र आईनेच लावायचं असतं, आणि ते चांगलंच आहे. ‘वरून तिसरी ओळ, निळं चाक’ असं सांगत गेलं की दहा मिनिटांत होतं. घाई करू नका, आणि ‘अगं तिथे नाही!’ असं ओरडू नका. आमच्या दुकानात मुलं ओरडायला लागली की आई-वडील फोन बंदच करून बसतात. एक मात्र आईला पक्कं सांगून ठेवा, की स्क्रीन फक्त लेकीला दाखवायची. बँकेतून बोलतोय, वीज मंडळातून बोलतोय म्हणत कोणी स्क्रीन शेअर करायला लावलं तर कॉल तोडायचा. हीच सोय वापरून ओटीपी वाचून पैसे काढतात. तुम्ही बघत असतानाही बँकेचं ॲप उघडू नका.

आणि एका दिवशी एकच बदल करा. आज चार्जरचा प्रयोग. त्याने वाजला तर उद्या बॅटरीची सेटिंग बदला आणि परवा चार्जर काढून बघा. नाही वाजला तर एक रात्र वायफाय बंद ठेवून. चार-पाच दिवस लागतील, पण शेवटी कारण कळलेलं असेल, आणि पुढच्या अपडेटने पुन्हा बिघडलं तर सरळ त्याच जागी जाता येईल.

उद्या सकाळी कॉल लावल्यावर स्क्रीनवर ‘कॉलिंग’ राहिलं की ‘रिंगिंग’ झालं, फोन चार्जरला होता का, आणि फोन कुठल्या कंपनीचा, एवढ्या तीन गोष्टी कळवा. पुढची जागा नेमकी सांगतो.